अर्धे कागद

पोस्टमास्तर टोबायस क्रेननं हुकूम दोनदा वाचून दाखवला, तरी आल्मायरा रोडेला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. जर्मन प्रजा असलेल्या बायकांनी पोस्टात येऊन नाव नोंदवायचं, फोटो द्यायचे, दहाही बोटांचे ठसे द्यायचे. जर्मनीशी लढाई चालू आहे, तेव्हा शत्रूची माणसं सरकारला ठाऊक हवीत. असेल बुवा. आल्मायरा तिकिटं घ्यायला आली होती.

“यात तूही आलीस, आल्मायरा,” क्रेन म्हणाला.

“मी? माझा जन्म इथला. माझे वडील यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढले, त्यांचं थडगं तुझ्या या खिडकीतून दिसतं.”

“दिसतं की. पण बाई ज्याच्याशी लग्न करते त्याच्या देशाची होते, असा कायदा आहे. कास्पर जर्मन, म्हणून तू जर्मन. कायदा काही मी केलेला नाही.”

तिकिटं तिथंच राहिली. रस्त्यात कुणी हाक मारली तरी तिला ऐकू आलं नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसंही काही झालं नाही. जमीन होती तिथंच होती, फक्त ती आता तिची नव्हती.

आता ही आल्मायरा कोण, हे सीडर बेंडच्या कुत्र्यामांजरांनाही विचारलं तरी चालेल. कॅन्ससच्या बायकांना सहा वर्षांपूर्वी मताचा हक्क मिळाला तो काही कुणी ताटात वाढून दिला नव्हता. या बाईनं घोडागाडीतून गावंच्या गावं पालथी घातली होती. पेटीवर उभं राहून भाषणं केली, अंगावर अंडी झेलली, आणि अंडी फेकणाऱ्याला नावानिशी हाक मारून वर दोन शब्द सुनावलेही. मतदानाच्या पहिल्या दिवशी ती रांगेत सगळ्यांच्या पुढं. म्हाताऱ्या बायकांना मतपत्रिका कशी दुमडायची ते तिनंच शिकवलं. ती गाडी हाकायचा तिचा नवरा कास्पर. घोड्यांचे साज आणि खोगिरं शिवणारा, बोलायला कंजूष, हातानं उदार.

कास्पर तरुणपणी जर्मनीहून आला आणि त्यानं पहिले कागद काढले. पहिले कागद म्हणजे मला अमेरिकन व्हायचंय एवढंच कोर्टात लिहून देणं. काही वर्षांनी पुन्हा जाऊन दुसरे काढायचे, मग माणूस पुरता अमेरिकन. पण कॅन्ससमध्ये पुरुषाला पहिल्या कागदांवरही मत देता येत होतं. मत मिळतंय, कर भरतोय, मग खोगिरं टाकून कोर्टाची पायरी कोण चढणार? आसपासच्या निम्म्या जर्मनांनी हेच केलं. अर्ध्या कागदांवर राष्ट्राध्यक्ष निवडत राहिले आणि स्वतःला अमेरिकन समजत राहिले.

लढाई आली तेव्हा सगळे जागे झाले. फेब्रुवारीत पुरुषांची नोंदणी झाली आणि कास्पर काळी बोटं घेऊन घरी आला. आल्मायरानं त्याला धू धू धुतला. आळशी, ढिला, जर्मन ठोंब्या, असं सगळं म्हणून झालं. तू राहा शत्रू, मी आपली कॅन्ससची, असंही म्हणाली. तो म्हणाला, “बरं,” आणि बोटं घासत बसला.

वर त्याच दिवसांत तिनं नवी चळवळ हाती घेतलेली. अर्ध्या कागदांवरचं मतदान बंद करा. बायकांच्या हक्काविरुद्ध मत देणाऱ्यांत हेच अर्धे लोक जास्त होते, हा तिचा जुना राग. चर्चच्या दिवाणखान्यात ती म्हणाली होती, माझा स्वतःचा नवरा अर्ध्या कागदांचा आहे, आणि मी सांगते, त्याचं मत काढून घ्या. लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मागच्या बाकावर कास्परनंही टाळ्या वाजवल्या. तिच्या प्रत्येक सभेला तो वाजवायचा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा, तोही असा वाजतगाजत!

पोस्टातून ती थेट लुएला प्रिंगलकडे गेली. लुएला महिला संघाची अध्यक्ष, आणि तिचा नवरा वकील. ऐकून लुएला मटकन खाली बसली, चांगली रडली. वकिलानं पुस्तकं उघडून पाहिली आणि पोस्टमास्तर बरोबर आहे म्हणाला. लढाई संपेपर्यंत कास्परला दुसरे कागद मिळायचे नाहीत. मार्ग एकच, घटस्फोट. लग्न मोडलं की बाई आपोआप पुन्हा अमेरिकन. अगदी सोपं आहे, असंही तो म्हणाला. त्याच्या त्या ‘सोपं’नं आल्मायराच्या अंगावर काटा आला.

“आणि माझं मत?” तिनं विचारलं.

लुएलानं डोळे पुसले. “सध्या तेही कास्परच्या अर्ध्या कागदांवर. नोव्हेंबरात आपला ठराव पास झाला की जाईल. तो तूच तर मागितलास, आल्मायरा. आणि हे निस्तरेपर्यंत तू व्यासपीठावर नको येऊस. लोक बोलतील. समजून घे.”

जिला तिनं भाषण करायला शिकवलं, तीच सांगत होती गप्प बस म्हणून. आल्मायराला राग यायला हवा होता. आला नाही. डोकं नुसतं बधिर झालं होतं, बर्फात हात घातल्यावर होतात तसं.

घरी कास्पर जेवायचा थांबला होता. तिनं सगळं सांगितलं, घटस्फोटाचंही. त्यानं चमचा खाली ठेवला.

“मग घे.”

“काय घे?”

“घटस्फोट. मी दुकानाच्या माळ्यावर झोपेन. तू बोलल्याशिवाय जगणारी बाई नाहीस, मला ठाऊक आहे.”

“आणि कारण काय सांगू कोर्टात? शपथेवर सांगावं लागतं. छळ करतो म्हणू?”

“दारू पितो म्हण.” तो जरा विचार करून म्हणाला. “माझ्याबद्दल लगेच खरं वाटेल. जर्मन आहे मी.”

आल्मायरा त्याच्याकडे बघत राहिली. दारूबंदीसाठी तिनं अर्धं आयुष्य वेचलं होतं, आणि या माणसानं तिच्यासाठी सणावारीही थेंब तोंडाला लावला नव्हता. आपल्याला सोडायला हा इतक्या लगेच तयार होतो, याचा धक्का तिला पोस्टातल्या धक्क्याहून मोठा बसला. तिला रडू फुटलं. टेबलावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली. मग उठून म्हणाली, “उद्या पोस्टात माझ्याबरोबर यायचं. आणि पुन्हा माळ्याचं नाव काढलंस तर बघ.”

दुसऱ्या दिवशी पोस्टात तीन-चार बाया होत्या. आल्मायरा शिरली तशा भिंतीकडे सरकल्या. क्रेननं शाईची काच पुढं ओढली. आज तो तिला तुम्ही म्हणत होता, बहुधा त्यालाच लाज वाटत असावी.

“बोट सैल सोड,” कास्पर हळूच म्हणाला. “आपण दाबायचं नाही, तो फिरवतो.”

तिनं दहाही बोटं सैल सोडली. नाव, जन्म, वजन, उंची, डोळ्यांचा रंग. क्रेन कागदावरून वर न बघता विचारत होता आणि ती सांगत होती. जन्मगाव सीडर बेंड. नागरिकत्व या रकान्यावर तो थांबला. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, “जर्मन.” तो शब्द तिला आयुष्यात कधी इतका जड गेला नव्हता.

“इंग्रजी बोलता येतं का?” क्रेननं विचारलं.

भिंतीजवळची एक बाई चमकून वर बघायला लागली. खुद्द क्रेनचे कान लाल झाले. पण कागदावर रकाना होता आणि त्यात काहीतरी लिहायलाच हवं होतं.

आल्मायरानं तोंड उघडलं. या गावात तिच्याइतकं इंग्रजी कुणी बोललं नसेल. गळ्यातून आवाजच निघेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. काळी बोटं टेबलाच्या कडेवर तशीच टेकलेली, आणि सगळं पोस्ट वाट बघतंय.

“येतं,” कास्पर आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. “माझ्या बायकोला येतं.”

क्रेननं आल्मायराकडे पाहिलं नाही. नवऱ्यानं सांगितलं ते त्यानं लिहून घेतलं.