कानाने केलेला स्वयंपाक

तापातून उठल्यापासून बाबांच्या नाकाला वास येत नाही. त्याला अकरा आठवडे झाले होते. खारट, आंबट, गोड, कडू जिभेला कळतं. नंबर घातलेल्या कपांतून वेगवेगळ्या चवींचं पाणी देऊन मी ते तपासलं होतं. बाकी काही नाही. बाबा एका कारखान्याच्या कॅन्टीनचे मुख्य आचारी. मॅनेजरने त्यांची जागा पुढच्या सोमवारपर्यंत राखून ठेवली होती.

"पाच दिवस दुपारचं जेवण मी करतो," बाबा मला म्हणाले. "स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. तू एक वाजता प्रयोगशाळेतून ये, जेव आणि खरं काय ते सांग. जमलं तर कामावर जातो."

"आणि मी काय करू?" आत्याने विचारलं. ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते.

"तू नावं ठेव. त्यात तुझा हात कोण धरणार?"

असे विनोद बाबा पूर्वीही करत. आता फक्त स्वतः हसत नसत.

सोमवारी बटाट्याचं घट्ट सूप आणि भाजलेला पाव झाला. मंगळवारी गाजर-वाटाणे घातलेला भात. नाकाचं काम त्यांनी कानाला दिलं होतं. कांद्यात पाणी असतं तोवर तो ओला चुरचुरतो. पाणी संपलं की आवाज कोरडा, बारीक होतो, तेव्हा आच कमी करायची. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी वहीत वेळेसकट लिहून घेतलं. बुधवारी उसळीत लसूण करपला होता. मी तसं सांगितलं.

"बारीक चिरलेल्या लसणाला आवाज नसतो," ते म्हणाले, आणि गुरुवारी टोमॅटोत शिजवलेल्या कोबीत त्यांनी पाकळ्या अख्ख्याच टाकल्या. आत्याने दोनदा वाढून घेतलं आणि नावं ठेवायची राहूनच गेली. बाबा स्वतः ठरवल्याइतकं खात. पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं, असं एकदा म्हणाले. तक्रार नव्हती, माहिती दिली.

शुक्रवारी आत्याने मला जिन्यातच गाठलं.

"मासेवाल्याने दादाला टोपी घातली. मासा खराब आहे."

"तू पाहिलास?"

"पाहायला कशाला हवा? मला नाक आहे. पण तू बोलू नकोस. अडीच महिन्यांनी दाढी करून बाजारात गेला होता तो. लिंबू पिळू, दोन घास खाऊ. मरत नाही कुणी."

"कॅन्टीनमध्ये दोनशे चाळीस जण जेवतात, आत्या."

"तिथे हाताखाली माणसं आहेत वास घ्यायला!"

हे अगदीच चूक नव्हतं. मी हात धुतले. काहीतरी वाटायला हवं होतं, पण पाणी गार आहे एवढंच कळलं.

टेबलावर सारख्या जाडीचे तुकडे होते, कडेने सोनेरी, वर भरडलेली मिरी. वास अमोनियाचा होता. तो मला कामामुळे चांगला ओळखता येतो. आत्याने लिंबू पिळलं. मग दुसरी फोडही पिळली. बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि नंतर माझ्या ताटलीकडे.

"बोल," ते म्हणाले.

"मासा खराब आहे, बाबा."

"किती?"

"दारातून कळतं."

टेबलाखाली आत्याने माझ्या पायावर पाय दिला. उशीरच झाला होता. बाबांनी तिन्ही ताटल्या उचलल्या, मासा कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आले आणि साबणाने हात धुतले. मग उभ्यानेच मॅनेजरला फोन लावला.

"माझ्या जागी दुसरा माणूस घ्या," ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाबा "हो, हो" करत राहिले. शेवटी म्हणाले, "भाज्या चिरायला वास लागत नाही. तिथे जागा असेल तर सांगा." थोडं थांबून, "माझ्याच मदतनिसाच्या हाताखाली? चालेल. किती वाजता?"

त्यांनी फोन ठेवला.

"त्याला कांदा चिरायला तू शिकवलंस, दादा," आत्या म्हणाली.

"म्हणून तर त्याला बरं शिजवता येतं. सोमवारी सातला जायचंय. आधीपेक्षा तासभर उशिरा, तेवढीच झोप." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजत आले होते. "तुम्ही उपाशीच आहात. सांगा, काय करू?"