पाकीट ठेवायची जागा

मंगळवारी सकाळी साडेअकराला हंबीरराव कचेरीसमोरच्या टेबलावर कुणाचा तरी वारसाचा अर्ज लिहीत होते, तेव्हा शेजारच्या गल्लीतली सलमा आली आणि फोन त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "अल्ताफला तिकडं पोलिसांनी धरलंय."

'तिकडं' म्हणजे तिचा मुलगा एसी दुरुस्तीच्या कामाला गेला होता तो देश. त्याचं नाव हंबीररावांना नीट उच्चारता येत नसे. पण अल्ताफच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी त्यांनीच करून दिली होती, नेहमीच्या वाटेने. तेव्हाही ते नेहमीचंच वाक्य बोलले होते, "झालंच म्हणून समजा."

फोनच्या स्पीकरवर अल्ताफच्या खोलीत राहणारा चमन होता. कामाचं कार्ड खोटं आहे म्हणून अल्ताफला रस्त्यावरून उचललं होतं. कार्ड खरं होतं. तिथल्या ठाण्याच्या साहेबालाही ते माहीत होतं.

"मागतोय काय?" हंबीररावांनी विचारलं.

"मागतोय की काका. सगळ्यांम्होरं. भिंतीवर रेट लावल्यागत."

हंबीररावांनी तोंड आंबट केलं. त्यांच्या उभ्या धंद्यात असं कुणी मागितलं नव्हतं. इथे साहेब पंख्याकडे बघत "बघू" म्हणत, शिपाई चहाच्या निमित्ताने बाहेर येई आणि पाकीट कचेरीसमोरच्या आकारामच्या पानपट्टीत डब्याखाली जाऊन बसे. कागद हातात पडला की आकाराम ते पोचवी, नाही पडला तर परत देई. आजवर एकही पाकीट त्याने गिळलं नव्हतं. हंबीररावांना या व्यवस्थेचा मनातून अभिमान होता.

"थेट हातात देऊ नको रे. ठाण्याशेजारी एखादी टपरी असंल की. त्येच्याकडं ठेव."

"टपरी साहेबाच्या मेव्हण्याची हाय, काका."

टेबलाशेजारच्या बाकावर कामासाठी बसलेले दोघे हसले. सलमा हसली नाही.

तिने पिको-फॉलची मशीन विकून बुधवारी पैसे पाठवले. गुरुवारी चमनने ते साहेबाच्या हातात दिले. शुक्रवारी साहेबाची बदली झाली.

"नवा काय म्हणतोय?" त्या दुपारी हंबीररावांनी चमनला फोनवर विचारलं.

"म्हणतोय, आदल्यानं घेतलं ते आदल्याला इचारा. माझं मला द्या."

हंबीररावांनी स्टेपलर टेबलावर आपटला. "घेतलं न्हवं? मग काम करायला नको? काय रीत हाय का न्हाय तिथं? आमच्याकडं घेतलं तर करत्यात. न्हाय केलं तर माघारी देत्यात. एवढी साधी गोष्ट."

"भाऊ," सलमा बाकावरून म्हणाली, "त्येचं कार्ड खरं हुतं."

"तेच म्हणतोय न्हवं मी, भाभी."

"न्हाय. तुमी रीत म्हणताय. पासपोर्टाच्या वक्ताला त्येची कागदं इथं बी खरीच हुती. तवा बी द्यायला लावलंच की तुमी."

हंबीररावांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. ते आधीच सारखे होते.

तेवढ्यात पिशवी काखेत मारून ज्ञानू आला. त्याला विहिरीची नोंद सातबाऱ्यावर चढवून घ्यायची होती. पिशवी टेबलावर ठेवत त्याने विचारलं, "हुईल न्हवं काम, राव?"

नेहमीचं वाक्य ओठावर आलं होतं. समोर सलमा बसली होती.

"अर्ज देऊ. पोच घेऊ," हंबीरराव म्हणाले. "मग बघू."

"म्हंजी?"

"म्हंजी अर्ज देऊ."

ज्ञानू पिशवी उचलून शेजारच्या टेबलावर गेला. तिथून लगेच आवाज आला, "झालंच म्हणून समजा, पावणं."

पानपट्टीतून आकारामने हंबीररावांकडे बघत हात हलवला, काय झालं म्हणून. त्यांनी अर्धा राहिलेला अर्ज पुढे ओढला.

चारच्या सुमारास चमनचा फोन आला. अल्ताफला दुसऱ्या ठाण्यात हलवलं होतं. कुठल्या, हे सांगायचेही तिथले पोलीस पैसे मागत होते.