पांढऱ्या हातमोज्याचा बाण

मी एक जुना नकाशा आहे. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात भिंतीवर लटकतो तसा सपाट नव्हे. मी एका मोठ्या टेबलावर बसवलेला आहे. मला डोंगर आहेत, नदी आहे, नदीवर पूल आहे. लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेत एका जुन्या लढाईचा धडा माझ्यावर शिकवतात.

मला शाळेच्या सुतारमिस्त्रींनी घडवलं. भुसा, सरस आणि प्लॅस्टर कालवून त्यांनी डोंगर उभे केले. नदीकाठचं गाव मात्र त्यांच्या बायकोनं केलं, कारण ते तिचं माहेर होतं. उरल्यासुरल्या लाकडाची घरं आणि त्यांवर तांबडी छपरं. एका घराचं दार तिनं उघडंच ठेवलं. मिस्त्री हसले, म्हणाले, एवढ्याशा घराला दार कशाला? ती म्हणाली, "आई घाईनं बाहेर पडली, तेव्हा लावायचं राहिलं होतं."

त्या लढाईत आपण हरलो. शत्रूचा सेनापती या गावातून पुढे सरकला आणि जाताना त्यानं गाव जाळलं. लढलेल्या माणसांनी आपल्या पुस्तकांत तसं लिहूनही ठेवलं.

मग त्यांच्यामागून आलेले साहेब लिहू लागले. सेनापती पांढरे हातमोजे घालायचा, म्हणून आपल्याच लेखकांनी त्याचं लाडाचं नाव ठेवलं, 'पांढरा हातमोजा'. तो कैद्यांना स्वतःच्या हातानं चहा द्यायचा म्हणे. एका पुस्तकात त्याच्या घोड्यावर दोन पानं आहेत आणि गावावर एक ओळ: 'वाटेतील वस्ती रिकामी झाली.' जणू सगळे फिरायलाच गेले होते!

असं का लिहितात, ते माझ्यासारख्या भुशाच्या ठोकळ्यालाही कळतं. साध्या माणसाकडून हरलो म्हणायला लाज वाटते. तो देवमाणूस ठरला की आपलं हरणंही शोभून दिसतं.

मिस्त्रीणबाई दर आठवड्याला ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसायच्या. एकदा त्या पुसत असतानाच हातमोज्याच्या सभ्यपणावर व्याख्यान चाललं होतं. बाहेर पडताना त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, काडी दुसऱ्यानं ओढली की हातमोजे पांढरेच राहतात."

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. फडकं आता मिस्त्रींच्या हातात आलं. ते डोंगर भराभर पुसतात, गावापाशी मात्र त्यांचा हात हळू होतो.

त्यानंतर पुस्तक लिहिणारे एक कर्नल आले. त्यांना मुखपृष्ठासाठी माझा फोटो हवा होता, आणि माझ्यावर हातमोज्याच्या चालीचा एक झोकदार पांढरा बाण. त्यांनी मिस्त्रींना घरं काढायला सांगितलं. बाणाच्या वाटेत येतात म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, "घरांवरूनच काढा ना, साहेब. तो तसाच तर गेला होता."

"मिस्त्री, हा युद्धशास्त्राचा विषय आहे."

"असेल. पण मी काढणार नाही."

शेवटी कर्नलनी पट्टीनं एकेक घर स्वतःच उचकटलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मिस्त्रींनी डब्यात हात घालून सगळी घरं वेचली, खिशात भरली आणि ते बाहेर पडले. ते उघडं दार मोडलं होतं. ते त्यांनी रुमालात बांधून घेतलं.

मित्रांनो, माझा पूल वाकला, डोंगराला भेगा गेल्या, तरी मी कधी कुरकुर केली नाही. पण त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो.

बाण रंगवला गेला. फोटोही निघाला. पण घरं होती तिथं मिस्त्रीणबाईंचा सरस घट्ट बसला आहे. त्यावर रंग धरत नाही. कितीदा हात दिला तरी पोपडे निघतात, आणि बाण गावापाशी तुटतो.

तुम्ही मोठे व्हाल, असली पुस्तकं वाचाल. शूर शत्रूचं कौतुक जरूर करा. पण त्याच्या बाणाखाली कोणाची घरं होती, ते आधी विचारा. आणि कधी या शाळेत आलात, तर माझे डोंगर नाही दुरुस्त केलेत तरी चालेल. माझं गाव मिस्त्रींच्या घरी आहे. तेवढं मला परत आणून द्या.