डावीकडचा ठोकळा

"अजून खालीच आहात, लेन्डर्ट," रुलीन तिसऱ्यांदा म्हणाली. आधीच्या दोन्ही वेळा ती हसून म्हणाली होती.

लेन्डर्टनी लाकडी बासरी ओठांपासून दूर केली, रुमालाने तोंड पुसले आणि पुन्हा फुंकर घातली. सूर आला तो स्वच्छ, गोल, आणि रुलीनच्या व्हायोलिनपेक्षा चांगला अर्धा स्वर खाली. नासपतीच्या झाडाखाली खुर्च्या मांडून सगळी आळी बसली होती. कुणीतरी उगाच खाकरले.

"दातांमुळे असेल," लेन्डर्ट म्हणाले. "नवे आहेत. अजून घरच्यासारखे वागत नाहीत."

लोक हसले. कॉफीच्या टेबलामागून बेप ओरडली, "आमच्या ह्यांना कवळी आली आणि शिट्टी गेली ती गेलीच. घरात काय शांतता होती सांगू!" बेप त्या चौकातली सगळ्यात जुनी रहिवासी. चौकाभोवतीची बुटकी घरे एकट्या बायकांसाठी कुणा दानशूराने कधीकाळी बांधलेली, आणि हॉलंडमधल्या हार्लेम गावातल्या त्या आळीचा बरोक, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपी संगीताचा कार्यक्रम दर उन्हाळ्यात तिथेच व्हायचा. गाणे ऐकायला येणारे थोडे, बेपचा सफरचंदाचा केक खायला येणारे जास्त, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणाला त्याचे वाईट वाटत नसे.

हार्पसिकॉर्डपाशी, त्या पियानोच्या जुन्या भावंडापाशी, बसलेली नेल हसली नाही. ती कवळी तिच्या ओळखीची होती. दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन घेणे, लोकांना वेळा देणे आणि "डॉक्टरांना जरा उशीर होतोय, माफ करा" म्हणणे, यातच नेलचा जन्म गेला होता. लेन्डर्ट कवळी बसवून बाहेर आले तेव्हा ते आरशात न बघताच म्हणाले होते, "आता बासरीचं काही खरं नाही." त्यावर नेलनेच छातीठोकपणे सांगितले होते, "बघाच तुम्ही, उन्हाळ्यापर्यंत पहिल्यासारखी वाजेल." तालमीत तशी ती वाजलीही होती. मग आजच काय झाले?

लेन्डर्ट कालव्यावरच्या पुलावर कामाला होते. होडी आली की पूल उचलायचा, गेली की खाली घ्यायचा. मधल्या वेळात पुलाशेजारच्या खोपटात बसून ते बासरी शिकले. पुढे यंत्र आले आणि पूल आपला आपणच उघडू लागला. नेलचा नवरा तिला सोडून गेला त्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी एकटीच वाजवत बसायची. या गावात खिडक्यांना पडदे नसतात, आणि जाणाऱ्याने आत बघायचे नसते. लेन्डर्ट मात्र थांबले, त्यांनी चक्क आत बघितले आणि दाराची घंटा वाजवली. "खालचा सूर तू सांभाळ," ते म्हणाले होते, "वरचं मी बघतो." तेव्हापासून नेलला रविवारी जायला एक जागा होती.

"नेल, पुन्हा सूर दे," रुलीन म्हणाली.

नेलने दिला. व्हायोलिन त्याला तंतोतंत मिळाले. रुलीनने सकाळीच त्यावर जुन्या पद्धतीच्या, मेंढीच्या आतड्याच्या नव्या कोऱ्या तारा चढवल्या होत्या. नव्या तारा ताणत जातात, सारख्या चढवाव्या लागतात. चौकात येऊन तिने त्या हार्पसिकॉर्डच्या सुराला लावल्या होत्या. फोनवर सूर तपासायचा नाही, हा या तिघांचा कडक नियम. वाद्ये तीनशे वर्षांपूर्वीच्या घाटाची, सूरही त्या काळचा, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा स्वर उतरलेला, तर मग लावायचीही त्या काळच्यासारखी, कानाने. या नियमाचा रुलीनला मोठा अभिमान होता.

लेन्डर्टनी बासरी तोंडापासून बाहेर फिरवून बघितली, जोर लावून बघितले. मानेच्या शिरा फुगल्या. सूर चढला, पण फाटला. पहिल्या रांगेतल्या एका पोरीने कानांवर हात ठेवले आणि तिच्या आईने ते हळूच खाली ओढले.

"थांबा, थांबा. असं करू या का," रुलीन खाली वाकून म्हणाली, पण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा होता. "आज तुमचा भाग मी वाजवते. लोक खोळंबलेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं."

"छे, वाईट कसलं!" लेन्डर्ट म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "वय झालं की ऐकू येईनासं होतं म्हणतात. माझं उलटंच झालं. मला सगळं ऐकू येतंय."

नजर कुठेतरी ठेवायची म्हणून नेलने ती खाली वळवली, आणि तिला ठोकळा दिसला.

तिच्या हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांची अख्खी फळी एक घर सरकवता येत असे. डावीकडे सरकवली की जुना सूर, उजवीकडे सरकवली की आजचा. जी फट राहील तिच्यात एक लाकडी ठोकळा बसवायचा. जुन्या सुरासाठी तो उजव्या टोकाला हवा. तो होता डाव्या टोकाला. शनिवारी ती शाळेतल्या मुलांच्या व्हायोलिनबरोबर वाजवून आली होती, मुलांची वाद्ये आजच्या सुराची, आणि फळी परत सरकवायला ती विसरली होती. बासरी खाली नव्हती. बाकी सगळे वर होते.

एवढेच म्हणायचे होते, "थांबा, माझं चुकलं." मग फळी सरकवायची, रुलीनच्या नव्या तारा सगळ्या उतरवायच्या, आणि तोवर या सगळ्या लोकांसमोर बसून राहायचे. गेल्या वर्षी नेलची एक ओळ चुकली तेव्हा रुलीन भर कार्यक्रमात म्हणाली होती, "आपली नेल, दुसरं कोण!" आणि परवाच सहज बोलल्यासारखे बोलली होती की संगीतशाळेतला एक मुलगा आहे, फार सुंदर हार्पसिकॉर्ड वाजवतो, त्याला कुठेतरी साथ करायचीय. दवाखान्यात दुसऱ्यांच्या चुकांची माफी नेल दिवसभर मागायची. स्वतःच्या चुकीची मागायची वेळ आली आणि तिने समोरच्या स्वरलिपीचे पहिले पान सरळ केले.

"वारा आहे," लेन्डर्ट म्हणाले. बासरी पेटीत ठेवून ते नेलच्या डाव्या हाताशी येऊन उभे राहिले. "पानं उडतील. मी उलटतो."

कार्यक्रम झाला. चांगला झाला, हेच नेलला सहन होईना. व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड एकमेकांत असे मिसळले होते की बेपसुद्धा कप विसळायची थांबली. ओळ संपत आली की शेजारून पुलावर काम केलेला तो जाड हात यायचा, पानाचा कोपरा धरायचा, आणि क्षणभर तसाच थांबायचा. मग पान उलटायचे. नेलने एकदाही वर बघितले नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा रुलीन म्हणाली, "आणि पानं उलटणाऱ्यांनाही!" लेन्डर्ट कमरेत वाकले. लोकांनी त्यांना जरा जास्तच टाळ्या दिल्या, लहान मुलाला देतात तशा.

केक खाता खाता जो तो त्यांच्या पाठीवर थाप मारून गेला.

"कवळी घासून नीट बसवून घ्या जरा," कुणी म्हणाले.

"घेतो ना, नेलच्याच दवाखान्यात," लेन्डर्ट म्हणाले.

नेल हातात कप धरून तिथेच उभी होती. तिने होकाराची मान हलवली. हो, मान हलवली तिने.

आवराआवर झाली तेव्हा लेन्डर्ट निघून गेले होते. झाकण लावायला नेल वाकली, तर ठोकळा उजवीकडे होता. फळी जुन्या सुरावर परत सरकवलेली. हे काम त्या आळीत दोघांनाच येत होते, आणि ठोकळा लेन्डर्टनीच तर तासून दिला होता, पहिला हरवला तेव्हा.

"रुलीन," ती म्हणाली, "बासरी खाली नव्हती. मी फळी सरकवायला विसरले. लेन्डर्टचं बरोबर होतं."

रुलीन तारा सैल करत होती. तिचा हात थांबला. चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला. "म्हणजे मीसुद्धा... अगं बाई! हे बघ, आता कुणाला सांगत बसू नकोस. लोकांना काय कळतंय त्यातलं? झालं गेलं."

"लेन्डर्टना कळलंय."

"मग ते बोलले का नाहीत?"

नेल तडक कालव्यापलीकडे लेन्डर्टच्या घरी गेली. दार उघडायला वेळ लागला. लेन्डर्टनी दाराआडून बघितले, आणि तोंडापुढे हात धरला. कवळी काढलेली होती. दवाखान्याबाहेर दातांशिवाय त्यांना आजवर कुणी बघितले नव्हते.

"लेन्डर्ट, माझी चूक होती," नेल म्हणाली. "मी आधीच बघितलं होतं. तुम्ही बासरी ठेवायच्या आधी. बघितलं आणि गप्प बसले."

"ठाऊक आहे." हातामागून शब्द पोकळ येत होते. "शेजारी येऊन उभा राहिलो तर ठोकळा समोरच."

"मग बोलायचं होतंत! सगळ्यांसमोर बोलायचं होतं!"

"मी कशाला? तू बोलशील म्हणून थांबलो होतो. दर पानाला थांबलो."

नेलच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याचीही तिला लाज वाटली.

"पानं वेळेवर उलटली ना मी?" लेन्डर्टनी विचारले.

"हो."

"मग झालं तर. दात काढलेत, म्हणून आत बोलावत नाही." त्यांनी दार हळूच लोटून घेतले.

त्यांच्या खिडकीला पडदा नव्हता, आत दिवा होता. नेल मान खाली घालून खिडकीवरून पुढे गेली. पुलापाशी पोचते तोच मागून बासरीचा सूर आला, म्हणजे त्यांनी दात पुन्हा बसवले होते. एकच सूर, लांब, स्थिर, जुना. वाद्ये लावताना देतात तो. मग ते थांबले, दुसऱ्यांनी आपापली वाद्ये मिळवून घ्यावीत म्हणून थांबतात तेवढे, आणि पुन्हा त्यांनी तोच सूर दिला.