बाटलीतला कोंब

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चाळीसही रिकाम्या. माणसं मात्र जिन्यापर्यंत उभी. बसता येत असतं तर किरणबाबाकडे आलीच कशाला असती?

बाबा एकेकाला पडद्याआड घेऊन भिंतीकडे तोंड करून वाकवायचा. हातात पेनाएवढी नळी, तिच्यातून तांबडा ठिपका. हा म्हणे तपश्चर्येचा लेझर. कापणं नाही, टाके नाहीत, मूळव्याधीचा कोंब अलगद बाहेर! पाठीमागे काय चाललंय ते कोण बघणार? मग मलम लावून कोंब बाटलीत घालून द्यायचा. अट एकच, बाटली कुणाला दाखवायची नाही. दाखवली की कोंब परत जागेवर जातो. घरचा पत्ता पाठ असावा बिचाऱ्याला.

आमच्या बेकरीची भट्टी माझा थोरला सांभाळतो. तो तीनदा जाऊन आला, तरी रक्त जातच होतं. मला सांगेल तर शपथ. भट्टीपुढे उभा राहूनही तोंड मैद्यासारखं पांढरं, आणि एका सकाळी पाव काढता काढता कोसळला. सून रडत म्हणाली, "आई, कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते," आणि कपाटातून तीन बाटल्या काढल्या.

मी एक उजेडात धरली. काळपट, सुरकुतलेलं, फुगलेलं काहीतरी, टोकाला बारीक काडी. तीस वर्षं बनपावासाठी मनुका भिजवून देठ खुडतेय मी. शाळा दुसरीत सुटली, पण मनुका ओळखायला तेवढी पुरते.

आधी लेकाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त चढवलं, तपासलं. म्हणाल्या, लेझर खरा असतो. ऑपरेशनच्या खोलीत भूल देऊन, बारीक तारेतून कोंब आतून आकसवतात. तोही सगळ्यांना लागत नाही, कित्येकांचं मलम, कोमट पाणी आणि खाण्यातल्या बदलानं भागतं. बाबाच्या मलमात बधिर करणारं औषध निघालं. दोन दिवस दुखत नाही, की झाला चमत्कार.

मग मी बेकरीतून चमचाभर लोणी आणि त्यातली एक बाटली घेऊन थेट बाबाच्या खोलीत गेले.

"एवढं वितळवून दाखवा, बाबा."

तांबडा ठिपका लोण्यावर बराच वेळ नाचला. लोणी जागचं हललं नाही. बाबा म्हणाला, "मावशी, श्रद्धा लागते."

"लोण्याला?"

मग मी बाटली उघडली आणि सगळ्यांसमोर तो कोंब नखानं फोडला. आत दोन बिया. मेल्यानं मनुकाही हलक्यातल्या घेतल्या होत्या.

आधी शिंप्यानं खिशातून बाटली काढली, मग मास्तरांनी, मग माझ्या सख्ख्या दिरानं. भाऊजी माझ्याच घरात जेवतात आणि मला पत्ता नाही! बाबा मागच्या जिन्यानं कधी उतरला, कळलंही नाही.

लेक आता भट्टीवर परतलाय, मध्ये मध्ये स्टुलावर बसतोही. त्याचं रक्त त्या नळीनं नाही, लाजेनं आटवलं होतं. तेव्हा बाबांनो, दुखतंय ते घरात बोला, रक्त दिसलं तर डॉक्टरला दाखवा. आणि बाटलीत घालून काही मिळालं, तर आधी फोडून बघा.