बाज्यातली हवा

वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. पाटीवर ‘बंकट रेडिओ दुरुस्ती’ लिहिलंय, पण माझं नाव झालं ते बाजावाल्यांमुळं. बाजा म्हणजे माउथ ऑर्गन. त्या काळात बीडपासून लातूरपर्यंत ऑर्केस्ट्रात जो कोणी बाजा वाजवायचा, तो एकदा तरी माझ्या दुकानाची पायरी चढलेला असायचा. नवे ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आले तसे सोसायट्यांनी, बाजार समित्यांनी आपले जुने व्हॉल्वचे सेट माळ्यावर फेकून दिले. ते मी गोळा केले. नव्या सेटात बाजा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाजतो, व्हॉल्वच्या सेटात तो भरून येतो. पण हे सेट भाषणासाठी बनवलेले. बाजावाला माइक मुठीत धरून त्याच मुठीत फुंकतो, मग सेट शिट्टी मारतो. ती शिट्टी बंद करायची आणि आवाज जाड करायचा, हे मला जमायचं. कुठं शिकलो म्हणून विचारू नका. आतला एक व्हॉल्व काढून कमी ताकदीचा बसवायचा, दोन-चार कंडेन्सर बदलायचे आणि कान उघडे ठेवायचे, बस.

हे सांगतोय कारण राधाकिशन गेला त्यात माझा हात आहे. गेला तो छातीनं, पण हात आहे. हे बोलताना माझ्या आवाजात काही फरक पडत नाही. तेव्हाही पडला नव्हता. बायको म्हणते, तुमच्या काळजाचा दगड झालाय. झाला असेल.

राधाकिशन माझा शाळेपासूनचा दोस्त. गावाबाहेर माळावर शेतकऱ्यांच्या शेअरवर उभी राहिलेली सहकारी सूतगिरणी होती, तिथं तो कापूस फोडायच्या खात्यात कामाला. गाठी सोडायच्या, कापूस मशीनमध्ये घालायचा आणि जी धूळ उडते ती खायची, असं ते काम. घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. पण बाजा असा वाजवायचा की भांडत असलेली माणसं भांडण अर्ध्यावर सोडायची. गिरणीच्या पहिल्या वार्षिक सभेला माइक तपासायला म्हणून ह्यानं सहज दोन मिनिटं वाजवलं, चेअरमनला आवडलं, आणि मग रिवाजच पडला. दर सभेला आधी राधाकिशनचा बाजा, मग अहवाल. निम्मे शेतकरी अहवालासाठी यायचेच नाहीत. त्याचा सेट मीच करून दिला होता. चौसाळ्याच्या एका सोसायटीचा टाकून दिलेला होता तो, आणि माझ्या हातून गेलेल्या सगळ्या सेटांत तो मला जास्त आवडायचा.

सत्त्याऐंशी साल. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला होता. गिरणीच्या दोन बोअरला तेवढं पाणी राहिलं होतं. चेअरमन मोहनराव, माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्याच्यावर सगळं ढकलून मोकळे व्हाल. त्यानं होळीनंतर हुकूम काढला की गिरणीचं पाणी टँकरनं गावाला द्यायचं. ते पाणी मी प्यालो, माझी लेकरं प्याली, राधाकिशनची बायको मंजुळाबाई घागर घेऊन त्याच रांगेत उभी राहायची. आता सूतगिरणीत हवेत पाण्याचा फवारा लागतो. हवा कोरडी झाली की सूत तुटतं आणि कापसाची धूळ खाली बसत नाही. पाणी कमी पडलं तेव्हा कताईच्या खात्यातला फवारा चालू ठेवला, कारण तिथं सूत होतं. कापूस फोडायच्या खात्यातला बंद केला. तिथं नुसती माणसं होती.

सभेला पंधरा दिवस असताना राधाकिशन सायकलीच्या कॅरियरला सेट बांधून आला. म्हणाला, तुझ्या डब्यातून हवा गळतीय बे, सुराच्या मागं सारखं स्स-स्स येतंय. मी म्हणालो, ठेव, बघतो. दोन दिवस बघितलं. एकेक व्हॉल्व काढून दुसऱ्या सेटात लावला, कंडेन्सर तपासले, माइक बदलला, सगळ्या जोडांना सोल्डरचे डाग पुन्हा मारले. सेटात काहीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं, वाजव म्हणालो, आणि स्पीकरला कान लावून बसलो. मग कळलं. हवा सेटातली नव्हती. तो सूर ओढायचा तेव्हा त्याच्या छातीत जे वाजत होतं, ते माइक इमानदारीनं पकडत होता.

मी तसं तोंडावर सांगितलं. मला गोड बोलता येत नाही. त्यावर तो खाली बघत म्हणाला, “ठावूक हाय मला. तू ते काढतो का न्हाई, तेवढं सांग.”

मी म्हणालो, बघतो.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई आली. ती कधी दुकानात यायची नाही, सणासुदीला घरी भेटायची. तिनं सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं लिहून दिलं होतं की ह्या माणसाला धुळीतून बाहेर काढा. त्याच्यासकट पाच जणांनी खातं बदलून मागितलं होतं. गेटवर चालेल, गोदामात चालेल, झाडांना आळी करायला लावा, पण तिथून काढा. मोहनराव कागद बघून म्हणाला होता की राधाकिशन बाजा वाजवतो, मग त्याच्या छातीला काय धाड भरलीय? पाचही अर्ज त्यानं सभेपर्यंत ठेवून घेतले होते.

“भाऊ, त्यातली हवा काढू नका,” मंजुळाबाई म्हणाली. “सभेला पाचशे माणूस बसतंय. एकदा त्यांच्या कानावर जाऊ द्या.”

मी म्हणालो, बरं वहिनी, नाही काढत.

म्हणजे बघा, दोघांनाही शब्द दिला. एकाला अर्धा, एकाला पुरा. आणि पुरा दिलेला मोडला.

कावून मोडला, ते सरळ सांगतो. दोस्तीखातर मोडला असं म्हणालो असतो तर तुम्ही मला चांगला म्हणाला असता. दोस्ती होतीच. पण खरी गोष्ट अशी की मला ते जमतंय का बघायचं होतं. छातीतला आवाज बाज्याच्या सुरातून वेगळा काढायचा, हे आजवर कोणी मागितलंच नव्हतं. मी इरेला पेटलो. चार दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही. आधी मोठा कंडेन्सर टाकून वरचा बारीक आवाज जमिनीत घातला, तर स्स-स्स गेली पण बाजाही गोधडीखाली वाजल्यासारखा झाला. मग एका व्हॉल्वचा विजेचा दाब कमी केला. व्हॉल्वला असं उपाशी ठेवलं की हळू फुंक आणि जोरातली फुंक एकसारखीच मोठी येते, आणि सुराला वरून थोडी धार चढते. दम कमी पडलेला माणूसही त्यातून पैलवानासारखा वाजतो. शेवटचा डाग मारला आणि राधाकिशनला बोलावलं. त्यानं एक सूर ओढला, थांबला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा ओढला. मग त्यानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी टेबलावर पडता पडता राहिलो. तेवढ्या गुद्द्यानंही त्याला धाप लागली आणि तो बाकावर बसला. ती धाप मी बघितली. बघून सेटाची झाकणं बसवली.

सभा दुपारी होती, गिरणीच्या गोदामात. कापसाच्या गाठी नव्हत्याच, म्हणून जागा मोकळी होती. माणसं सतरंज्यांवर बसलेली, बाया एका अंगाला, पुढं मोहनराव आणि संचालक. मंजुळाबाई बायांत पहिल्या रांगेत होती. पाचही अर्ज मोहनरावच्या पुढ्यात, वर पेपरवेट. मी सेटापाशी बसलो.

राधाकिशननं जुन्या ओव्या वाजवल्या, जात्यावरच्या. मी बरेच बाजावाले ऐकलेत, पण तसं वाजवणं पुन्हा ऐकलं नाही. गोदामाचा पत्रा भरून गेला. कुठं तुटलं नाही, कुठं हवा आली नाही. मी सेटाच्या अलीकडं होतो, मला त्याची मान दिसत होती. शिरा दोरीसारख्या तट्ट झालेल्या, ओठ काळेनिळे. चार हातांवरच्या माणसाला मात्र नुसता बाजा ऐकू येत होता. बायांत कोणीतरी डोळ्याला पदर लावला. मी मंजुळाबाईकडं बघायचं टाळलं.

टाळ्या थांबेनात. मोहनराव उठला, त्यानं राधाकिशनच्या खांद्यावर हात ठेवला आणि वरचा अर्ज उचलून लोकांना दाखवला. हसत हसतच बोलला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं.

“ह्यो गडी लिहून देतो की मला दम लागतो. ऐकला का कोणी दम?”

गोदाम हसलं. राधाकिशनही हसला. काय करणार होता? पाचशे लोकांपुढं आत्ताच एवढं वाजवलेला माणूस, माझी छाती गेलीय म्हणून कसा सांगणार? बाकीचे चौघं भिंतीला टेकून उभे होते, ते हसले नाहीत. पाचही अर्ज फाइलीत गेले. मग अहवाल सुरू झाला. टँकरचा उल्लेख आला तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या, त्यात मीही वाजवल्या.

तेव्हाच उठून बोलायला पाहिजे होतं. माइक माझ्याच हाताशी होता. अहो, हा आवाज त्याचा नाही, मी बनवलेला आहे, एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडात आलंच नाही. मी वायरी गुंडाळत बसलो.

राधाकिशन त्याच खात्यात राहिला. दिवाळीला त्यानं बाजा बाजूला ठेवला, संक्रांतीला काम सुटलं, आणि शिमग्याच्या आधी तो गेला. मातीला गिरणीतून दोन टेम्पो भरून माणसं आली. मी लाकडं रचायला पुढं होतो. सगळे रडत होते आणि माझं लक्ष टेम्पोतल्या रेडिओकडं. कोणीतरी तो बंद करायचा विसरलं होतं आणि स्टेशन जरा हललेलं होतं. मला उठून ते नीट लावावंसं वाटत होतं. आत दुसरं काहीच नव्हतं. घरी येऊन आंघोळ केली, जेवलो, झोपलो.

मंजुळाबाई दुकानात आली ती त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी. पाऊस झाला होता, माळ हिरवा होता. तिच्या हातात डबा होता. मी स्टूल पुढं केलं, ती बसली. म्हणाली, मी गिरणीत कामाला लागले. मोहनरावनं सभेत ठराव करून घेतला, कलावंताची बायको उघड्यावर पडू नये म्हणून. मी विचारलं, कुठल्या खात्यात. ती म्हणाली, त्यांच्याच, झाडायला.

यंत्राखाली साचलेली रुई आणि धूळ झाडायची. त्या खात्यात त्याहून वाईट काम नाही. पदराच्या टोकाला बारीक पांढरं चिकटलेलं होतं. बोलता बोलता ती खोकली, आणि मी त्या खोकल्याकडं कान लावला. मला कान लावायची सवय आहे.

मग मी सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं, पण बाहेर पडलं. “वहिनी, तुम्ही नको म्हणालात तरी ती हवा मी काढली.”

“ठावूक हाय,” ती म्हणाली. “त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं. लई खूश व्हते. दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी, कवाच्या खाल्ल्या नव्हत्या. मग मी त्यांना काय बोलू?”

बाहेर अंबाजोगाईची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. ती उठली, डबा घेतला, पायरीपाशी थांबली. चिडलेली नव्हती. रांगेत पुढच्या माणसाला घागर सरकव म्हणून सांगावं, तशी बोलली.

“तुमी दोघं दोस्त. तुमचं तुमी ठरवलं. पण भाऊ, कपाळ माझं पांढरं व्हणार व्हतं, तुमचं न्हाई. निदान मला सांगायचं तरी. मी सभेत उठून बोलले असते.”

एवढं बोलून ती पायरी उतरली. तिची पाळी दोनची होती आणि पावणेदोन झाले होते.