कुलपाला चोर हवा

जोखीम सांभाळणारे साहेब डोंगरावर आले तेव्हा सगळी संकटं त्यांच्या लॅपटॉपमध्ये आधीच येऊन बसली होती. पूर, वीज, यंत्राचा बिघाड, चोरी. प्रत्येकासमोर एक रंग आणि एक उपाय. चोरीसमोर लाल रंग होता. त्याचा हिरवा करायचा म्हणून संस्थेनं वस्तीत बसवलेल्या नव्या नळांभोवती लोखंडी जाळी उभी राहिली आणि जाळीच्या दाराला मुठीएवढं कुलूप लागलं.

संस्थेचं इथलं काम बघणाऱ्या बाईला सगळी वस्ती ताई म्हणायची. तिनं तेव्हाच साहेबांना सांगून पाहिलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात राहणाऱ्या या लोकांच्या घरांना कडीसुद्धा नव्हती. क्वचित काही चोरीला गेलंच, तर सगळे एकत्र बसत आणि ज्याच्यावर संशय त्याचं नाव तोंडावर घेत. प्रकरण मिटेपर्यंत मग त्याच्याशी कुणी बोलत नसे, त्याला कुणी पाणी देत नसे. नाव न घेता नुसता संशय धरणं म्हणजे अख्ख्या वस्तीला चोर ठरवणं. साहेबांनी मान डोलावत ऐकून घेतलं, छान माहिती आहे म्हणाले, अहवालाच्या परिशिष्टात टाकू म्हणाले.

कुलूप लागलं आणि वस्तीनं नळाकडे पाठ फिरवली. ना भांडण, ना तक्रार. किल्ली जिच्याकडे सोपवली होती ती वस्तीतली सून सकाळी दार उघडून ठेवी आणि स्वतःच घागर घेऊन बाकीच्या बायकांबरोबर खाली ओढ्यावर जाई. ताईनं साहेबांना फोन करकरून पाहिले. कुलूप काढलं तर विमा मिळणार नाही, एवढंच उत्तर. मग ती बायकांच्या विनवण्या करू लागली. त्या तिला प्रेमानं बसवून घेत, तिच्या वाळलेल्या तोंडाची चौकशी करत, आणि नळाचा विषय निघाला की उठून केर काढायला लागत. आपण माणसांशी बोलतोय की दगडांशी, आणि दगड नक्की कुठल्या बाजूला आहेत, हेच तिला कळेनासं झालं.

अशात नळांना पैसे देणाऱ्यांच्या पाहणीचा दिवस ठरला. नळ वापरात दिसले तरच वरच्या वस्तीला पंप मंजूर होणार होता. वरच्या बायका कड्याखालच्या डबक्यातून पाणी आणत. गेल्या उन्हाळ्यात एक बाळंतीण तिथं घागरीसकट घसरली होती आणि अजून लंगडत चालत होती. ताईनं तिचं नाव घेऊन हात जोडले, तेव्हा कुठे खालच्या बायका नळापाशी यायला तयार झाल्या.

आल्याही. पाहणीचे पाहुणे जीपमधून उतरत होते, साहेब टोपी सावरत होते, आणि बायका रिकाम्या घागरी कडेवर घेऊन जाळीच्या बाहेरच थांबल्या. सगळ्यांत वडील बाई, जिला वस्ती थोरली म्हणे, ती साहेबांपुढे गेली.

"चोर कोण ते सांगा. आम्ही त्याला विचारतो."

साहेब हसले. कुणावरच आरोप नाही, ही फक्त एक शक्यता आहे, असं त्यांनी समजावलं.

"मग त्या शक्यतेलाच पाजा पाणी," थोरली म्हणाली आणि वळली. बायकाही वळल्या. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं.

ताईचं डोकं भणाणून गेलं. साहेबांचा राग, थोरलीचा राग, स्वतःचा सगळ्यांत जास्त.  ती थोरलीच्या मागे धावली.

"मावशी, थांबा. कुलूप माझ्यामुळे लागलंय. ऑफिसचा माझ्यावर भरवसा नाही."

थोरली परत आली. 

"खोटं बोलतेस पोरी."

"नाव मिळालं ना तुम्हाला?"

थोरलीनं खाली पाहिलं. मग मागे न बघता हातानं खूण केली. बायका एकेक करून जाळीच्या दारातून आत गेल्या आणि नळ वाहू लागले. पाहुण्यांनी फोटो काढले. कधी काळी ताईला जेवल्याशिवाय न सोडणारी किल्लीवाली सून भरली घागर घेऊन तिच्या अंगाला घासून गेली, पण तिनं मान वर केली नाही. थोरली सगळ्यांत शेवटी बाहेर आली. तिचे डोळे भरलेले होते, तरी ती बोलली नाही. बोलणारच नव्हती.

परतताना जीपमध्ये साहेब खुशीत होते. लोक सुरुवातीला कुरकुरतात, पण कुलपाचा उपाय शेवटी लागू पडलाच, असं म्हणत त्यांनी मांडीवरच्या लॅपटॉपमधला लाल चौकोन हिरवा केला. वरच्या वस्तीचा पंप मंजूर झाल्यातच जमा होता. तिथं मात्र जाळी पहिल्या दिवसापासूनच बसवायची, उशीर नको, साहेब म्हणाले.

ताईच्या घशाला कोरड पडली होती. साहेबांनी बाटली पुढे केली ती तिनं घेतली नाही.

"तिथं चोर म्हणून कोणाला पाठवणार आहात?" तिनं विचारलं.

साहेबांना वाटलं, ती थट्टा करतेय. ते मोठ्यानं हसले.